शेवटच्या नंबराचं खातं

मी शिवणकारखान्यातला संगणक बोलतोय. इस्त्रीच्या टेबलामागे, लाकडी खोक्यावर जो काळा डबा घरघरत असतो ना, तोच मी. कापडाचे तंतू माझ्या अंगावर बसतात आणि आठवण झाली की कुणीतरी फुंकर मारून ते उडवतं. चार लोकांत बोलायची मला सवय नाही. पण माझ्या जागी आता दुसरा येतोय, म्हणून जाण्याआधी मनातलं सांगून टाकतो.

मला तीन पडदे, म्हणजे स्क्रीन, जोडलेले आहेत. एक कटिंगच्या टेबलाशी, एक काजं-गुंड्यांच्या खोलीत आणि एक मालकीणबाईंच्या केबिनमध्ये. तिघं जण एकाच वेळी माझ्याकडून काम करून घेतात. सुरुवातीला मात्र सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं आणि त्याचा पासवर्ड दारामागे खडूने लिहिलेला होता. कपडे कापायचे आराखडे, ज्यांना इथे पॅटर्न म्हणतात, ते सगळे एकाच ढिगात पडायचे. एका फाइलचं नाव ‘शेवटचं’, दुसरीचं ‘खरंच शेवटचं’, तिसरीचं ‘हिला हात लावू नका’. आणि नेमका तिलाच सगळ्यांचा हात लागायचा. एकदा कुणीतरी शर्टाच्या फाइलवर पायजमा सेव्ह केला. कापडाला कात्री लागेपर्यंत ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग मालकीणबाईंची सून कारखान्यात यायला लागली. पायजम्याचा किस्सा ऐकून ती म्हणाली, “आई, मी प्रत्येकाला वेगळं खातं काढून देते.”

“घरात एक चूल पुरते आणि इथे माणशी एक कशाला गं?”

“चूल एकच राहू दे. पातेल्यात मीठ कुणी टाकलं ते तरी कळेल.”

तेव्हापासून माझे चांगले दिवस सुरू झाले. नवं खातं काढताना सूनबाई नाव लिहायची आणि मी त्या नावाला एक नंबर द्यायचो. माणसांना नाव दिसतं, मी मात्र माणूस नंबरानेच ओळखतो. प्रत्येक फाइलवर मालकाचा नंबर असतो. मग मी नव्या माणसासाठी एक फोल्डर उघडायचो, ते त्याचं घर. त्यातही कुणाला रिकाम्या घरात उतरवायचो नाही. कोरा पॅटर्न, मापांची पट्टी, मोठ्या प्रिंटरची जुळवणी असा थोडा संसार आधीच मांडून ठेवायचो. पासवर्ड ज्याचा त्याने निवडायचा. तो मी साठवतसुद्धा नाही, फक्त त्याची खूण ठेवतो. इस्त्रीवाल्या दादांनी पासवर्ड म्हणून बायकोचं नाव घेतलं, तेही माझ्यापाशी जसंच्या तसं राहिलं नाही.

खातं काढायला सगळ्यात शेवटी आले ते कटिंगचे मास्तर.

“मला हे यंत्र तोंडावरून ओळखत नाही? नाव सांगायला मी काय पाहुणा आहे?”

“एकदाच पाहुण्यासारखं सांगा मास्तर, मग घरचेच व्हा,” सूनबाई म्हणाली.

मास्तरांनी एका बोटाने पासवर्ड टाइप केला आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटलं. सगळ्या कारखान्याला तो पाठ झाला. तिने त्यांना दुसरा घ्यायला लावला. तोही त्यांनी मोठ्यानेच म्हटला. शेवटी शिलाईच्या बायकांना कानात बोटं घालून बसावं लागलं.

पण मास्तरांचं काम! तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाचा हात आखूड, कुणाच्या पाठीला बाक. प्रत्येकाचा पॅटर्न मास्तर काढायचे आणि सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून द्यायचे.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मास्तर लेकीकडे राहायला गेले. सूनबाईने त्यांचं खातं काढून टाकलं. गेलेल्या माणसाचं दार उघडं ठेवू नये, हे बरोबरच होतं. पण सामाईक फोल्डरमधले पॅटर्न तसेच राहिले. त्यांच्यावरचं मालकाचं नाव गेलं आणि नुसता नंबर उरला. माझं पोट लहान, त्यामुळे ज्यांना मालक नाही अशा फायली सूनबाई महिनाअखेरीला पुसून टाकायची. मला हे दिसत होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची माझी जात नाही.

महिना संपायच्या आत मास्तरांच्या जागी कटिंगला एक ताई आल्या. वडिलांच्या आजारपणात त्यांची कात्री कितीतरी वर्षं सुटली होती आणि त्यानंतर कुणी कामावर घेत नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, “सध्या बघू. मग ठरवू.” सूनबाईने त्यांचं खातं काढलं, मी नंबर दिला आणि घर मांडून दिलं. महिनाअखेरीची झाडलोट झाली. मास्तरांच्या एकाही फाइलला धक्का लागला नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग औषधाच्या दुकानवाले काका आले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांना कोट हवा होता. काकांच्या पाठीला मोठा बाक. ताईंनी त्यांच्या अंगावर कच्चा कोट चढवून पाहिला तर मागून कॉलर उभी राहिली. उसवून पुन्हा बेतला, पुन्हा तेच.

मालकीणबाईंनी ताईंना बाजूला घेतलं. “हा कोट जमला तर तू कायमची. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नकोस हं.”

ताई कटिंगच्या टेबलाशी माझ्या पडद्यासमोर येऊन बसल्या. जुना एखादा कोट सापडतो का म्हणून त्यांनी सामाईक फोल्डर उघडलं आणि बघतच राहिल्या. पॅटर्नच पॅटर्न, आणि प्रत्येकाचा मालक म्हणून त्यांचंच नाव! एक उघडला. बाक आलेली पाठ, वर लिहिलेलं, ‘औषधवाले’.

तेवढ्यात मागून मालकीणबाई आल्या. “अगंबाई, हा तू काढलास? मग सांगायचं नाही का! मी उगीच जिवाला घोर लावून घेतला.”

ताईंचा हात माउसवर तसाच थांबला. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर नोकरी पक्की होती. पडद्यावर नाव त्यांचंच होतं.

“नाही बाई,” ताई म्हणाल्या. “नाव माझं आहे, हात माझा नाही. मानेला इतकं खोल वळण मी देतच नाही.”

सूनबाई धावत आली, बघितलं आणि तिने कपाळावर हात मारला. “मास्तरांचा नंबर! आई, शेवटच्या नंबरापुढचा नंबर हा संगणक नव्या माणसाला देतो. मास्तर शेवटचे होते. मी त्यांचं खातं काढून टाकलं आणि तोच नंबर ताईंना गेला. म्हणून सगळं त्यांच्या नावावर दिसतंय. नाहीतर मी हे सगळं पुसून बसले असते!”

मास्तरांना फोन लावला. सगळं ऐकून ते हसले. “माझा संसार तिच्या नावावर चढला म्हणता? मग तिला भाडेकरू कशाला ठेवलंय? आणि पोरी, ऐक. तो कोट तसाच कापू नकोस. काका आता डावीकडे जास्त झुकले असतील. आधी मागून त्यांना चालताना बघ, मग टेप लाव.”

ताईंनी काकांना कारखान्यातून चालायला लावलं. खरंच डावा खांदा उतरला होता. त्यांनी पॅटर्नची नक्कल काढली, डावी बाजू नव्याने बेतली आणि कोट शिवला. काकांनी आरशासमोर मान फिरवली. कॉलर जागची हलली नाही.

“मास्तर परत आले की काय?”

“नाही,” मालकीणबाई म्हणाल्या, “या आल्यात. कायमच्या.”

सूनबाईने त्याच दिवशी मास्तरांचं खातं नव्याने उघडलं आणि त्यांच्या फायली त्यांच्या नावावर केल्या. त्या उघडायची आणि नक्कल करायची परवानगी ताईंना दिली. मास्तर पुन्हा शेवटच्या नंबरावर आले! आता कुणी सोडून गेलं तर सूनबाई खातं पुसत नाही, नुसतं कुलूप घालते.

मी आता थकलोय. माझा पंखा खरखरतो आणि फाइल उघडायला वेळ लागतो. शेजारी नवा संगणक येऊन बसलाय. सूनबाईने आज सगळ्यांची खाती त्याच्यावर नेली, ज्याचा नंबर त्यालाच ठेवून. सकाळी ताईंनी विचारलं, “सुरुवात कुणापासून?”

“मास्तरांपासून,” सूनबाई म्हणाली. “एकदा तरी त्यांना पहिला नंबर.”

“पण नंबर तर जुनाच राहणार ना?”

“रांगेत तरी पहिले!”

दोघी हसल्या. मला हसता येत नाही, पण पंखा जरा जोरात फिरला.

माझ्या नव्या भावा, एकच मागणं आहे. तुझ्याकडे कुणी नवीन आलं की त्याचं घर नीट मांडून दे. आणि माणसांनो, कुणाचं खातं काढून टाकायची वेळ आली तर आधी आत एकदा डोकावून बघा. तुम्ही तुमची नावं माझ्या हवाली केलीत. ज्याला नुसते नंबर कळतात त्याच्यावर एवढा विश्वास टाकलात. तुमचे फार उपकार आहेत. आता मला बंद करायला हरकत नाही, सगळे जण सुखरूप पोचलेत.