नोंदवहीतली सही

डेल्बर्टला दर दहा पावलांवर काहीतरी दिसायचं. कधी बुंध्यावरची अळंबी, कधी नुसतीच लाल झालेली पानं. सगळी हयात वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत गेली, चौऱ्याहत्तरी उलटली, तरी लोर्नाचा हा भाऊ आज पहिल्यांदाच झाड बघतोय अशा थाटात उभा राहायचा. तिचे गुडघे ठणकत होते.

"तू बस कौतुक करत. मी चालले खाली," म्हणत ती एकटीच उतरली.

पायवाटेच्या तोंडाशी खांबावरच्या पेटीत नोंदवही होती. वर जाताना नाव लिहायचं, परतल्यावर पुढे सही करायची, हा स्टेट पार्कचा नियम. लोर्नानं आपली सही केली. डेल्बर्टच्या नावापुढेही तिनंच केली. येईलच की मागून! त्याची कामं उरकून टाकायची तिला लहानपणापासूनची सवय.

पायथ्याशी ठोकलेल्या त्यांच्या तंबूत जरा पाठ टेकली, ती जाग आली तेव्हा ऊन गेलं होतं. डेल्बर्ट आला नव्हता. ती धावतच रेंजरच्या चौकीवर गेली.

तासाभरात तो सापडला. ओढ्यात पाय घसरून घोटा मोडला होता. थंडीनं दातावर दात आपटत होते.

"पाचलाच वही बघितली होती मी," रेंजर बाई त्याला घोंगडीत गुंडाळत म्हणाल्या. "तुमची सही होती. नाहीतर तेव्हाच वर आले असते."

"माझी सही?" डेल्बर्ट चाचरला. "मग... जातानाच केली असेल मी चुकून."

लोर्ना खाली वाकून त्याच्या घोंगडीची टोकं खोचत राहिली.

चौथ्या दिवशी ती त्याच्याकडे सूप घेऊन गेली. प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून तो बसला होता. त्यानं ट्रकच्या किल्ल्या तिच्यापुढे सरकवल्या.

"वेडला दे." वेड त्याचा मुलगा. "मी आता चालवणार नाही. आईचंही असंच सुरू झालं होतं ना? आधी बारीकसारीक विसरायची, मग आपल्यालाच. ती सही केल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही गं."

लोर्नानं सूपचा वाडगा टेबलावर ठेवला.

"तू नाही केलीस, डेल. मी केली. तुझ्या नावापुढे मीच केली. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर गप्प बसले."

तो आता ओरडेल, म्हणून ती मान खाली घालून थांबली. ओरडायलाच हवं होतं त्यानं.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे!"

"डेल, माझ्यामुळे तू तिथं कुडकुडत—"

"अगं, घोटा काय, जुळेल!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ल्या त्यानं पुन्हा खिशात टाकल्या, सूप ओढून घेतलं आणि भुकेल्यासारखा भुरके मारू लागला.

"तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही बघ माझ्या," तो आनंदानं सांगत होता.