दारापर्यंत गेलेला माणूस

"उठलांत तर बघा हं!" शिवकामीने नवऱ्याचा खांदा दाबून धरला.

"डॉक्टरीणबाई येणार, आणि मी खाटेवर बसून राहूं? काय म्हणतील त्या?"

"काहीहि म्हणूं देत. मागल्या वेळीं उठलांत तेवढें पुरे!"

इस्पितळात रक्तदाब घेणाऱ्या तमिळ सिस्टर रम्याला त्यांचं मराठी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. ती गालात हसत होती.

चंद्रमौलीचं आयुष्य पंगती वाढण्यात गेलं. तिरुनागेश्वरम् असो की पट्टीश्वरम्, मराठी घरातलं लग्न म्हटलं की केळीच्या पानांवरून त्याची हाक फिरायची, "घ्या हो, लाजूं नका!" पाहुणा दारात आणि चंद्रमौली बसलेला, असं कुंभकोणमात कुणी पाहिलं नव्हतं. अर्धांगाने डावी बाजू लुळी पडली, तरी ही खोड धडधाकट राहिली. विमा कंपनीचे डॉक्टर तपासायला आले, तेव्हा खाट धरत, भिंत चाचपत हा दारापर्यंत पोचला आणि उजवा हात कपाळाला लावून म्हणाला, "यावें!" डॉक्टरांना दारात उभा माणूस दिसला, त्याला तिथवर आणणारी भिंत दिसली नाही. रोगी आता चालतो, असं कळवून ते मोकळे झाले. कंपनीने पुढच्या उपचारांची मंजुरी थांबवली. शिवकामी डोळ्यांना पदर लावून बसली.

तेव्हा रम्यानेच तिला तमिळमधून दटावलं, "रडता काय अक्का? अपील करा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे फेरतपासणी मागा. तिथं नाही ऐकलं तर विमा लोकपाल आहेत. मेहेरबानी कसली, हक्क आहे तुमचा!"

शिवकामी जन्मात कुणाशी भांडली नव्हती. भांडायची ती फक्त नवऱ्याशी. पण तिने इस्पितळाचा अहवाल जोडून अपील केलं. आणि आज कंपनीकडून दुसरी डॉक्टर येत होती.

डॉक्टर सौम्या आत आली. चंद्रमौलीची कंबर आपसूक उचलली गेली. शिवकामीची बोटं खांद्यात रुतली तसा तो पुन्हा टेकला. कान लाल झाले.

"बसूनच वणक्कम, अम्मा. घरचा हुकूम आहे."

सौम्या खळखळून हसली. मग तिने व्यायामाची बुटकी लाकडी पायरी पुढे सरकवली. "हुकूम मी मोडते. भिंतीचा दांडा धरा आणि ही चढून दाखवा."

तो उभा राहिला. उजवा पाय झोकात चढला. डावा मात्र फरशीवर घासत आला आणि कडेला अडला. पुन्हा अडला. कपाळावर घाम डवरला. आता हा काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेणार, असं शिवकामीला वाटलं. पंगतीत रस्सम संपलं तरी "आलेंच!" म्हणून हसणारा माणूस तो.

"नाही जमत, अम्मा," तो हळूच म्हणाला.

एवढ्या संसारात हे शब्द तिने प्रथमच ऐकले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"जमेल," सौम्या म्हणाली. "पण या पायाला अजून शिकवायला हवं. मी तसंच कळवते. उपचार थांबवायचे नाहीत."

त्याला खाटेवर बसवून ती गेली. रम्याने टाळी वाजवली. "पाहिलंत अक्का?"

पायरीशी त्याची डावी चप्पल निसटून पडली होती. ती उचलून शिवकामी त्याच्यासमोर खाली बसली. असली सेवा तो कधी करू द्यायचा नाही. आज जन्मभर इतरांपुढे वाकलेला तो माणूस ताठ बसून राहिला, आणि त्याने पाय तिच्या हातात दिला.