सासूबाईंचं अंगण

"सासूबाई अंड्यांवर बसल्यात. आज आत उतरायला नको, साहेब," टाकीवाला म्हणाला.

साहेबांनी मान वर केली नाही. "संध्याकाळी पाहुणे येतायत. काच हिरवी दिसता कामा नये."

"रात्रीत अंडी फुटतील. उद्या गरीब गाय होते ती."

"एका माशाला घाबरतोस?"

टाकीवाल्याने पाणबुड्याचा रबरी पोशाख अंगावर चढवला. तिकीटखिडकीतून त्याची बायको बघत होती.

सासूबाई म्हणजे मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीतली मासळी. हातभर लांब, आणि जबडा असा, की शंखशिंपले फुटाण्यासारखे फोडते. वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि त्यांच्यावर तोंडाने पाणी फुंकत राहते. पण तिचं अंगण खड्ड्यापुरतं नसतं, नरसाळ्यासारखं वरवर रुंद होत जातं. घाबरून वर पळाला, तो तिच्या अंगणातच पळाला. मागच्या खेपेला टाकीवाल्याचा मेव्हणा तसाच पळाला आणि कानाची पाळी देऊन आला. "बरं झालं, आता ताईची कटकट कमी ऐकू येते," असं हसून सांगायचा. टाकीकडे मात्र परत फिरकला नाही.

टाकीवाला उतरला. स्वतःचाच श्वास कानात घुमत होता. काचेवर चार हात मारले न मारले, तोच सासूबाईंच्या पाठीवरचा काटा ताठ झाला. कुशीवर कलून तिने एक डोळा त्याच्यावर रोखला. मग सुटलीच.

पायातल्या रबरी पंखाचा लचकाच तुटला. डोक्यावर उजेड होता, हवा होती, सगळं अंग वर ओढत होतं. त्याने दात आवळले, वाळूवर पालथा पडला आणि पाय तिच्याकडे झाडत आडवा सरपटत सुटला. पुन्हा धडक. पुन्हा. मग उंबरठा आल्यासारखी ती थांबली आणि अंड्यांकडे वळली.

काचेपलीकडे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना खेळ वाटला.

वर साहेब उभे होते. "काच झाली?"

"अर्धी. उरलेली उद्या."

साहेबांनी फाटका पंख पाहिला आणि निघून गेले.

तो काठावर बसून पोशाखाची पाठीवरची चेन उघडू लागला. बोटं ऐकेनात. खिडकी बंद करून बायको आली, मागे उभी राहिली.

"पाणी फार गार आहे," तो म्हणाला.

तिने वाकून टाकीत हात घातला. रोजच्यासारखं कोमट होतं.

"बर्फच आहे नुसता," ती म्हणाली, आणि हळूच चेन खाली ओढली.