आठ ठिपक्यांचं गाव

मी यवतच्या शाळेत भूगोल शिकवते. दहावीला भूगोलाचा पेपर सगळ्यात शेवटी येतो, तोवर पोरांचं आणि पर्यवेक्षकांचंही त्राण संपलेलं असतं. त्यामुळे या विषयावर जीव टाकणारं माणूस अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असावी, असा माझा समज आहे. आमचे संपत याला समज न म्हणता खूळ म्हणतात.

खूळ असं की, दर रविवारी मी जुने नकाशे घेऊन बाहेर पडते. इंग्रजांच्या मोजणीदारांनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी काढलेले, एका इंचाला एक मैल असे. आता ते फुकट इंटरनेटवर मिळतात. छापायचे आणि आजच्या रस्त्यांशी ताडून बघत हिंडायचं. कुठे जुनी गाडीवाट उसाच्या बांधावरून अजून जाते, कुठे नकाशातली विहीर प्लॉटिंगवाल्याच्या कमानीखाली गाडली गेलेली असते. मला यात फार मजा वाटते. संपत गाडी चालवतात, झाड बघून गाडी लावतात आणि सीट मागे करून झोपतात.

गेल्या हिवाळ्यात मला एक गाव सापडलं. म्हणजे नकाशात सापडलं. न्हावऱ्याकडून भीमेकडे येणारी एक तुटक रेघ होती, म्हणजे पायवाट. ती नदीच्या उताराशी, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागेशी, पोचायच्या मैलभर आधी, वाटेला लागूनच, आठ काळे ठिपके होते. आठ घरं. नाव नाही, देऊळ नाही, विहीर नाही. पुढच्या मोजणीच्या नकाशात वाट तशीच होती, पण ठिपके गायब.

आता गाव गायब झालं म्हटल्यावर माझ्यासारखीला झोप कशी लागणार? मी स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं की प्लेगात उठलेलं एक गाव मला मिळालंय. प्लेग माझ्या मनाचा, पण सांगताना बरा वाटला. ‘जुन्या वाटा’ नावाच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलं. एकोणीस जणांनी हात जोडले.

पुढचे तीन रविवार मी त्या शिवारात नुसत्या अंदाजानं खापराचा तुकडा शोधत फिरले. जोत्याचा दगड नाही, वीट नाही, राखेचा थर नाही. गोखरू मात्र भरपूर. तिसऱ्या रविवारी एक कुत्रं मागे लागलं आणि माझी चप्पल उसात राहिली. परत येताना हायवेवर सतीशच्या हॉटेलात चहाला थांबलो. मी नकाशा टेबलावर पसरला आणि त्या मेलेल्या मोजणीदाराच्या नावानं बोटं मोडायला लागले.

गल्ल्यामागच्या बाजेवर सतीशचे वडील बसलेले असतात, म्हाळू आबा. धनगर. वय शहात्तर, पागोटं पांढरं स्वच्छ. ते उठून आले आणि नकाशावर वाकले.

“ह्ये काय, बाई?”

“नकाशा आहे, आबा. जुना. ही बघा भीमा.”

आबांना अक्षर वाचता येत नाही. पण त्यांनी नदीवर बोट ठेवलं आणि ते वर सरकवत नेलं, अगदी तुटक रेघेवरून. “ह्यो उतार. हितनं मेंढरं पाण्यात घालायची. पानी गुडघाभर. ही आमची वाट की.” मग बोट ठिपक्यांपाशी थांबलं. “आन् हे काय काळं काळं?”

“गाव होतं ते. उठून गेलं.”

आबा हसले. कसे हसले म्हणून सांगू, पागोटं सावरावं लागलं त्यांना. “व्हय, सकाळीच उठून गेलं असंल! अवो बाई, ह्यो वाडा हाय. धनगराचा. आठ पालं. दिवाळी झाली की आमी निघायचो. तुमचा सायब बी थंडीतच आला असंल कागद घिऊन.”

मी कपाळाला हात लावला. मोजणीची पथकं हिवाळ्यातच तंबू ठोकायची, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. साहेब आला त्या दिवशी मेंढरं बसलेली होती, पालं उभी होती, त्यानं घरं समजून आठ ठिपके दिले आणि पुढे गेला. आठवड्याभरात त्याचं गाव घोड्यांवर लादून नदीपार झालं असणार. आणि मी त्याला प्लेग लावून बसले होते. संपतना एवढा आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता.

पण आबांचं हसू मध्येच थांबलं. ते पुन्हा नकाशाकडे बघत होते.

“बाई, न्हावऱ्याकडनं येताना उताराच्या आधी शेवटचा मुक्काम ह्योच?”

“हो. नकाशात तरी हाच.”

“आमचा आजा, पणजा, समदी एकाच जाग्याला उतरायची. ठरलेलं रान, ठरलेला मालक. मेंढरं त्याच्या रानात बसवायची, त्यो ज्वारी द्यायचा.” आबा बाकावर बसले. “तितं माझी आई हाय.”

सतीशनं चहा ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला. आबा म्हणाले, मी सहा वर्षांचा होतो. आईला मुक्कामावर ताप भरला. दोन दिवसांत गेली. तिथेच मूठमाती दिली, आणि मेंढरांना चारा नव्हता म्हणून दुसऱ्या सकाळी वाडा हलला. नदी उतरताना मी बापाच्या खांद्यावर होतो आणि मागे बघत होतो. बाप त्या वाटेला पुन्हा गेलाच नाही. मेंढरं विकली आणि इकडे यवतला मामाकडे रान करायला बसला.

“दोनदा यश्टीनं जाऊन आलो. समदा ऊस. कुनाला इचारावं? दर सर्वपित्रीला नदीकडं तोंड करून निवद ठिवतो. तिला पोचतो का न्हाई, काय म्हाईत. एकदा जाग्यावर जाऊन तांब्याभर पानी घालायचंय. मंग माझं काय बी ऱ्हायलं न्हाई.”

मला एकदम रडू आलं. मी नाक ओढलं आणि म्हटलं, “आबा, रविवारी जाऊ.”

तो आठवडा मी वर्गातही तेच करत होते. जुना नकाशा मोबाईलवरच्या आजच्या नकाशावर बसवला. न्हावऱ्याचं देऊळ जुळवलं, नदीचं वळण जुळवलं, आणि आठ ठिपक्यांवर लाल खूण केली. रविवारी आबा सदरा-धोतर नवं घालून, कापडात भाकरी बांधून तयार होते. केडगाव-चौफुला करून पारगावच्या पुलावरून आम्ही भीमा ओलांडली. आबांनी पुलावरून खाली बघितलं आणि खालच्या बाजूला बोट दाखवलं. “त्यो उतार.” तिथे आता जलपर्णी होती.

माझी लाल खूण आम्हाला थेट एका पोल्ट्रीच्या मागच्या दारात घेऊन गेली. वास असा की संपतसुद्धा जागे झाले.

“हितं न्हाई,” आबा म्हणाले.

“आबा, नकाशा हेच दाखवतोय.”

“दावू द्या. हितं काळी माती. थंडीत दव धरती. मेंढराचं खूर सडतंय. वाडा मुरमाड रानावर बसतो, वारा पाठीला घिऊन. आन् पानी हाकेच्या आत लागतंय.” ते काठी टेकत निघाले. मी मागोमाग. एवढ्या जुन्या कागदात ठिपका शेत-दोन शेत सरकलेला असू शकतो, हे मलाही कळायला हवं होतं. पण हातात मोबाईल असला की माणसाला पायाखालची माती दिसत नाही.

ओढ्यापासून चढ लागला, माती तांबडी झाली, पायाखाली मुरूम वाजायला लागला. चढावर एक वस्ती होती. पत्र्याचं घर, गोठा, पाण्याची टाकी, आणि सगळीकडून ऊस. आबा थांबले. पश्चिमेकडून वारा आला तशी त्यांनी त्याला पाठ केली आणि खाली नदीकडे बघितलं. “ह्येच,” म्हणाले.

तेवढ्यात घरातून पन्नाशीतला एक गृहस्थ लगबगीनं बाहेर आला. त्यानं आधी माझ्या हातातला नकाशा बघितला आणि मग माझ्याकडे.

“मोजणीला आलाय का? मॅडम, आधीच सांगतो, ह्या गटातनं रस्ता जाऊ देणार न्हाई. ज्ञानेश म्हंत्यात मला. मागल्या खेपेला खुंट्या उपटून टाकल्या व्हत्या.”

मी सांगितलं की मी शिक्षिका आहे. त्यावर त्याचा विश्वास बसेना. आबांनी पुढे होऊन सगळं सांगितलं, तर तो आणखी बिथरला.

“माझ्या रानात कुनाचं काय पुरलेलं न्हाई. उगं काय तरी उठवू नका. आज पानी घालाल, उद्या कुनी शेड उभारंल, परवा पाटी लावंल. रान गेलंच मंग.”

“मला काय बी नको, बाबा,” आबा म्हणाले. “कुठल्या बी कोपऱ्यात भाकर ठिवतो आन् जातो.”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून आवाज आला, “कोन हाय रं? धनगरनीचं कोन इचारतंय?”

ज्ञानेशची आई गिताबाई पडवीत आली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, पण डोळा तीक्ष्ण. ती हळूहळू उतरून आबांच्या समोर उभी राहिली.

“तू तिचा कोन?”

“ल्योक.”

“म्हाळू?”

आबांनी नाव सांगितलं नव्हतं. मीही नाही.

“मी नवी नवरी व्हते तवा,” गिताबाई म्हणाली. “तू आमच्या चुलीपाशी बसून गूळ मागायचास. चल.”

तिनं त्यांचा हात धरला आणि गोठ्यामागे नेलं. टाकीच्या आडोशाला, कडुलिंबाखाली, शेणानं सारवलेला एवढासा चौथरा होता. वर एक उभा दगड, त्याला हळद लावलेली.

ज्ञानेश गोंधळला. “आई, ही आपली रानदेवी ना?”

“देवी कसली? ह्याची आई हाय. माझ्या सासूची मैतरीन. सासू मरताना म्हनाली, पोरगं ल्हान हाय, कवा तरी यील, तवर हिला उपाशी ठिवू नका. दर सर्वपित्रीला तूच निवद ठिवतोस की, येड्या!”

ज्ञानेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग त्यानं गुपचूप आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि दोन्ही हातांनी आबांना दिला.

गिताबाईचा राग मात्र आत्ता वर आला. “आन् तू कवा आलास? सत्तर वर्सांनी? इतकं दीस कुठं व्हतास रं?”

शहात्तर वर्षांचे आबा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना असं रागावणारं जगात आता कुणी उरलंच नव्हतं. “वाट गावंना, मावशे,” ते म्हणाले, आणि रडायला लागले. मी पण रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. संपत गाडीकडे बघत उभे होते, पण नाक त्यांचंही लाल होतं.

आबांनी पाणी घातलं. कापड सोडून भाकरी ठेवली. तिथेच टेकले आणि वळून म्हणाले, “मावशे, एक इचारू? बापानं कवा तिचं नाव घेतलं न्हाई. बायकूचं नाव घ्यायची रीत नव्हती. मी आईच म्हनायचो. नंतर इचारायचं ऱ्हाऊनच गेलं, आन् सांगनारी समदी गेली.”

“धुरपदा,” गिताबाई म्हणाली.

आबांनी कान पुढे केला. “आजून एकदा म्हना.”

गिताबाईनं दगडाकडे तोंड केलं, आणि रानात गेलेल्या बाईला भाकरी खायला बोलवावं तशी खणखणीत हाक मारली, “धुरपदाऽ, म्हाळू आलाय गं!”