भागू मांत्रिकाचा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू, लई दमलोय. नारायणगावच्या एका कापडदुकानात डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली माझा मुक्काम असतो. अंगावर कपाट घेऊन बोलतोय, तेव्हा मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मी मूळचा साडीच्या खोक्याचा. साडी विकली गेली, खोकं माडीवर पडून राहिलं. २००३ साली दुकानाचे मालक सुवालालशेठ यांच्या मुलाने, जिनेशने, मला कात्रीने कापून काढलं. अकरावीतलं पोरगं. त्याच्या मावसभावाने पुण्याहून एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. या खेळात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. खेळ चालवणारा गोष्ट सांगतो, आणि आपलं सोंग काय करतं ते ज्याचं त्याने बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. इथे खेळ दर रविवारी दुकानाच्या माडीवर, फासा लुडोतला, आणि खेळ चालवणारा अर्थातच जिनेश.

वर्गातली अश्विनी पहारेकरीण झाली. राजुरीहून जीपने येणाऱ्या सूरजचं सोंग माझ्यावर पेन्सिलीने उतरलं : भागू, मांत्रिक. त्याखाली सूरजने लिहिलं, 'बोलताना अडखळतो.'

सूरज स्वतःही अडखळायचा. जीपवाल्याने "कुठं?" विचारलं आणि याने "रा... रा..." सुरू केलं, की तोच म्हणायचा, "राजुरी ना? बस." हे तो एकदा अश्विनीला सांगत होता, तेही सांगून पुरं होईना.

जिनेशने ती ओळ वाचली आणि खोडरबर उचलला. "अरे, मंत्र तोंडाने म्हणायचे असतात. अडखळणारा मांत्रिक कसा चालेल? खेळात तरी फाडफाड बोल की!" पोरगा मनाने चांगला हो, पण घाई फार. त्याने माझ्यावर लिहून टाकलं, 'बोलणं : अस्खलित.'

पुढच्या रविवारी सूरजने ते खोडून आपलं लिहिलं. जिनेशने परत खोडलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अहो, माझी कातडी म्हणजे काय पाटी आहे? तेवढ्या जागी मी पापडाइतका पातळ झालो. आणि एवढं करून तो अस्खलित भागू मुकाच! सूरजची पाळी आली की जिनेशच घाईने म्हणायचा, "भागूने मंत्र म्हटला. टाक फासा." सूरज मान खाली घालून फासा टाकायचा. मला फार वाईट वाटायचं.

घाईलाही कारण होतं. जिनेशच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. उन्हं कलली की त्याची आई झमकूबाई खालून हाक मारायची, आणि त्याआधी गोष्ट एका ठिकाणी आणायची असायची.

चौथ्या रविवारी सूरज उठून उभा राहिला. "मी फु... फुडच्या येळी नाय येनार."

"का रे?" जिनेश दचकला.

"भा... भागू माझाय. त्यो अडखळतो. मंत्र म्हनंल, पर येळ लागंल. तवर तुमी दार धरा."

"नियमात असं कुठंय?"

"मी धरते दार," अश्विनी म्हणाली. "मग पहारेकरीण कशाला झालेय?"

जिनेशने डोकं खाजवलं. "बरं. पण अश्विनी, मंत्र संपेपर्यंत तू फासा टाकत राहायचा. तीनच्या खाली पडला की राक्षस एक पाऊल आत. तीन पावलं आला की खेळ खलास."

"चा... चालंल," सूरज म्हणाला. "पर मधी कुनी शब्द द्यायचा नाय."

जिनेशने हे सगळं माझ्यावर लिहिलं. या वेळी पेनाने.

त्याच दिवशी गोष्टीतला राक्षस दारात आला, आणि सुटायची दुसरी वाट एका दगडाने बंद केलेली. भागूचा मंत्र होता, 'दगडा, वाट दे.' द हे अक्षर सूरजला सगळ्यांत जड.

"द... द..."

अश्विनीचा फासा, दोन. राक्षस एक पाऊल आत.

"जिनेश, दिवस बुडतोय रे! पान वाढलंय!" खालून हाक आली.

"द..."

फासा, एक. दुसरं पाऊल. जिनेशचं तोंड उघडलं. शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

"जिनेश, उपाशी राहशील!"

तो हलला नाही. अश्विनीचा फासा, पाच. खिडकीतलं ऊन गेलं.

"द... दगडा, वाट दे."

दगडाने वाट दिली, मित्रांनो! सूरज असा हसला की माझे सगळे घाव भरून आले. जिनेश त्या दिवशी उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी झमकूबाई त्यावरून कुरकुरत होती.

बारावी झाली, मंडळी पांगली. कपाट डुगडुगायला लागलं तेव्हा सुवालालशेठच्या हाताला मीच लागलो. आता गादीवर जिनेश बसतो. मला इथून फक्त पाय दिसतात, पण सूरजचे पाय मी ओळखतो. ते आले की जिनेश विचारतो, "काय दाखवू?" मीटरपट्टी खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि तो सूरजचा शब्द निघेपर्यंत वाट बघतो.

मला कपाटाखालून काढा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. कुणाचं सोंग खोडावंसं वाटलं, तर आधी त्याला विचारा. आणि विचारलंत, तर त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबा.