ताईचं रक्त निरोग्यांत

आमचे डॉक्टरसाहेब सकाळपासून हवेत होते. रक्ताच्या पाच चाचण्या, एकही एकटीने धड कामाची नाही. पण पाचांची मोट बांधून मी जे सूत्र बसवलं होतं, ते म्हणे पोटाचा कॅन्सर असलेले आणि निरोगी बरोब्बर वेगळे काढतं. मी या संशोधनातली आकडेवारीवाली. टेबलावर गार चहा, डोक्यात ठणका.

"साहेब, ज्यांच्या रक्तावरून सूत्र बसवलं, त्यांच्यावरच आपण ते तपासलंय. नवीन माणसांवर टिकलं तर खरं," मी म्हटलं. हे इतक्यांदा म्हणून झालंय की आता माझा मलाच वीट आलाय.

"तुमचं नेहमीचं रडगाणं," साहेब हसले. "अहो, तुमच्या ताईंचा आकडाही आहे त्यात. झकास आलाय. मी परवा सांगितलं त्यांना, स्कॅनच्या मागे कशाला लागता. खूश झाल्या."

ताईचं पोट महिनाभर दुखतंय, वजन उतरलंय. तिला स्कॅनसाठी तयार करताना माझ्या नाकी नऊ आले होते. साहेबांवर भयंकर राग आला, पण भांडायलाही अंगात जोर लागतो. जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"ताई, स्कॅन रद्द नाही ना केलंस?"

"केलं की. तूच काढलेला आकडा ना तो? चांगला आलाय म्हणाले."

"तो तुझ्या गेल्या वर्षीच्या रक्ताचा आहे गं." आता हिला कसं समजवावं? निरोगी माणसं मिळेनात म्हणून आम्ही सगळ्यांनी तेव्हा आपापल्या घरचे धरून आणले होते. त्यात ताईही होती. "तुझं रक्त निरोगी, असं आम्हीच सूत्राला शिकवलं. शिकवलेलंच ते परत म्हणून दाखवतंय. त्यात तुझ्या पोटाचं काही कळलेलं नाही."

"आणि मी निरोगी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. पोटाची काही तक्रार आहे का विचारलं होतं. तक्रार असलेल्यांना घेत नव्हतो आम्ही. तू नाही म्हणालीस."

"तेव्हाही दुखायचं गं थोडंथोडं," ताई म्हणाली. "पण तुला माणसं कमी पडत होती ना."