तेल ओकणारी टाकी

अमळनेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला वाफेचा जुना बॉयलर बैलगाड्यांवर घालून गावात आणला, तेव्हा तो भंगार होता. पुढे टाकीबुवा म्हणून गाजलेल्या बुवांनी त्याला शेंदूर फासला, हिरवं लुगडं नेसवलं आणि त्याची टाकीमाता झाली. नव्या भुईमुगाचं घाण्यावरचं पहिलं तेल देवाला द्यायची गावाची जुनी रीत. आता ते सारं मातेच्या पोटात साठू लागलं. पुढे ते कुठे जातं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

आज सारा गाव लोटला होता, कारण आज भिकुबाईची परीक्षा होती. विधवा, पदरी मूल नाही, बोरी नदीकाठचं काळंभोर शेत नावावर. एवढ्यावर बाई डाकीण ठरायला वेळ लागत नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ भाईदास, त्यानेच ओरड उठवली होती. टाकीने तेल गिळलं तर बाई निर्दोष, ओकलं तर दगडांनी वेशीबाहेर. लोक दगड घेऊनच आले होते, पुन्हा खेप नको म्हणून.

"माता पुण्यवंताचं जेवते, पाप्याचं ओकते!" बुवा गरजले. "मातेला दात नाहीत, पण चव आहे!"

एकेकाचं तेल नरसाळ्यातून सुरळीत उतरत होतं. भिकुबाई पाहत होती. तेल उतरलं की टाकीच्या कुशीला लुगड्याचा काठ फडफडायचा. तिथेच बुवांचा चेला हिलाल बसला होता. एका हाताने चवरी ढाळत होता, दुसरा हात लुगड्याखाली. भिकुबाईने जन्मभर बाटल्यांत तेल भरलं होतं. नरसाळं तोंडाशी घट्ट बसलं की आतली हवा तेलाला बाहेर फेकते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आणि टाकीवरचं नरसाळं तर मातीने लिंपलेलं होतं.

तिची पाळी आली. तिने तेल ओतलं आणि लुगड्याचा काठ निपचित पडला. बुडबुड करीत तेल उसळलं ते तिच्याच तोंडावर.

दगड घेतलेले हात वर झाले. भिकुबाईने धाडकन खाली बसून टाकीला मिठी मारली आणि हात लुगड्याखाली घातला. तिथे तोटी होती.

"मी डाकीन शे, कबूल शे," ती भाईदासकडे पाहत म्हणाली. "पन भाऊनं तेल माता जेवस का, इतलं देखू द्या. मंग मारा."

भाईदासला नाही म्हणता येईना. हिलालने घाईघाईने तोटी उघडली, पण तिच्या तोंडावर भिकुबाईचा अंगठा बसला होता. हिलालच्या बोटांना तो लागला. ओरडावं तर काय म्हणून ओरडावं? भाईदासने तेल ओतलं आणि माता त्याच्या धुवट फेट्यावर ओकली.

"हाऊ बी पापी शे," गर्दीतून कोणी म्हणालं.

पहिला दगड खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. दगड आणलेलेच होते, वाया का घालवायचे? "मी नही, मी नही," करीत भाईदास रांगू लागला. भिकुबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. अंगठा तिने तेव्हाही काढला नाही.

भाईदास निपचित पडला तेव्हा तिने उठून लुगडं ओढून काढलं. हिलालचा हात अजून तोटीवरच होता. तोटीतून फुस्स करीत हवा सुटली आणि नरसाळ्यात तुंबलेलं तेल खाली गेलं. तिने वर आणखी तेल ओतलं, तोटी बोटाने दाबली, तेल तुंबलं. बोट काढलं, गेलं. बुवांनी तोवर वेस ओलांडली होती.

"हाई हवानं भोक शे," ती म्हणाली. "उघडं ऱ्हायनं का तेल जास, बंद करं का उलटस. यामा ना देव, ना डाकीन. दगड उचलाना आधी कोनी आठे हात लाईसन देखं व्हतं का?"

म्हातारे झुलाल आबा भाईदासच्या डोक्याला धोतराचं टोक दाबून बसले होते. "बाई, तुले समजनं व्हतं, तं आधी काब्र नही सांगं? याचं डोकं तरी वाचतं."

"तुम्हीन बठ्ठास्नी टाकीले इचारं, आबा," भिकुबाई म्हणाली. "माले कोनी इचारं नही."